चाच्यांचा पोशाख : पडद्यावरचा आणि समुद्रावरचा

गेल्या वर्धापनदिनाला आपल्या मंडळाने बालगोपाळांची वेषभूषा स्पर्धा ठेवली होती, ती भगिनींच्या स्मरणात असेलच. शिवणवर्ग माझ्याकडे असल्याने निम्म्या आळीचे कपडे माझ्याच मशीनवर बेतले गेले. त्यात शिवाजीमहाराज दोन, झाशीच्या राण्या चार, भाजीवाल्या पुष्कळ आणि समुद्री चाचे तीन होते. तिन्ही चाचे एकाच साच्यातून काढल्यासारखे! काळी तिकोनी टोपी, तिच्यावर पांढरी कवटी, एका डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला तांबडा शेला, गुडघ्यापर्यंत येणारे बूट आणि कानात आईची बाळी. टाळ्याही त्यांनाच जास्त पडल्या.

तयारी चालू असताना शेजारच्या वहिनींची सात वर्षांची नात माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मलापण चाचा व्हायचंय." मी कापडावरची नजरसुद्धा न काढता म्हणाले, "अगं, मुली कुठे चाचे होतात? तू आपली कोळीण हो. छान दिसशील." तिने विचारले, "तुम्हाला कसं माहीत?" मी हसले आणि तिच्या हाती टोपली दिली. ती कोळीण झाली खरी, पण रंगमंचावर एक अक्षर बोलली नाही. टोपली खाली ठेवली आणि निघून गेली.

तुम्हाला कसं माहीत? प्रश्न साधा होता. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले की, मला काहीच माहीत नव्हते. चाचे म्हणून मी जे काही शिवले, ते कुठून आले होते? शाळेत असताना मॅटिनीला पाहिलेल्या इंग्रजी चित्रपटातून, आणि नातवाने दाखवलेल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधून. पहिला चित्रपट १९५० सालचा 'ट्रेझर आयलंड', दुसरा २००३ सालचा. मध्ये पन्नासांवर वर्षे गेली, पण चाच्याचा शेला काही सुटला नाही. म्हणून मग ग्रंथालयातून पुस्तके आणली, मुलाने काही जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या प्रती मिळवून दिल्या, आणि दुपारची झोप बाजूला ठेवून, शब्दकोश मांडीवर घेऊन मी वाचू लागले. माझ्यासारख्या गृहिणीने इतिहासात नाक खुपसावे हे काहींना नवल वाटेल. पण कपड्याचा प्रश्न आहे, आणि कपडा मला थोडाफार कळतो.

प्रथम एक खुलासा. आपल्याकडे चाच्यांचा विषय निघाला की सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव कोणीतरी काढतेच. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. १७३७ साली क्लेमेंट डाउनिंग याने लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकाच्या नावातच आंग्र्यांना 'पायरेट' हे विशेषण लावलेले आहे. पण मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल, ज्याचे दस्तक घेतल्यावाचून कोकणच्या किनाऱ्यावर गलबत सुखाने जाऊ शकत नव्हते, तो पुरुष आणि कोणत्याच राजाचा हुकूम न मानता दिसेल ते जहाज लुटणारा दर्यावर्दी, यांना एका पंगतीला बसवता येत नाही. म्हणून आंग्र्यांना या लेखातून आदरपूर्वक बाहेर ठेवते. मी लिहिते आहे ते साधारण १६९० ते १७२५ या काळातल्या, अटलांटिक आणि हिंदी महासागरावर वावरलेल्या गोऱ्या चाच्यांविषयी. चित्रपटातले बहुतेक चाचे त्यांचेच वंशज म्हणून दाखवतात.

हे लोक आकाशातून पडले नव्हते. व्यापारी जहाजांवरचे आणि लढाऊ गलबतांवरचे साधे खलाशी, पगार थकलेले, चाबकाला कंटाळलेले, असेच बहुतेक जण चाचे होत. तेव्हा त्यांच्या अंगावर असणार तो खलाशाचाच वेष. आणि खलाशी काय घालत, हे चांगले ठाऊक आहे, कारण इंग्रजांच्या आरमाराने १७०६ साली खलाशांना विकण्याच्या कपड्यांचा ठेका दिला, त्यातल्या वस्तूंची यादी शिल्लक आहे. ती वाचताना मला एखाद्या चोख शिंप्याची वही वाचल्यासारखे वाटले. करड्या लोकरी कापडाचे जाकीट, आतून तांबडे सुती अस्तर, पुढे पितळेची पंधरा बटणे, काजांना सोनेरी रंगाचा दोरा. किंमत साडेदहा शिलिंग. पुढे निळ्यापांढऱ्या चौकटीचे सदरे, करडे लोकरी मोजे आणि पट्ट्यापट्ट्यांचे चोळणे. या चोळण्यांचे कापड कोणते म्हणाल, तर गाद्यांच्या खोळींना आपण वापरतो त्या जातीचे, जाड आणि घट्ट विणीचे. गादीच्या खोळीची विजार! पण विचार केला तर त्यात शहाणपण आहे. दोरखंडावर घासले तरी फाटत नाही, मळले तरी पट्ट्यात लपते.

जाकीट आखूड का, तेही सांगते. त्या काळी जमिनीवरचा सभ्य गृहस्थ गुडघ्यापर्यंत घोळ असलेला लांब डगला घालीत असे. असा घोळ घेऊन शिडाच्या दोरावर चढून पाहा. पहिल्याच वाऱ्याला तो कुठेतरी अडकणार आणि माणूस खाली येणार. म्हणून खलाशाचे जाकीट कमरेशी संपे आणि चोळणा घोळदार असे. बंदरात खलाशी चालला की लोक त्याला कपड्यावरूनच ओळखीत. जहाजावर शिंपी थोडाच बसलेला असतो! शिडे शिवणारा हात स्वतःची विजारही शिवी. शिडाच्याच जाड कापडाचे तुकडे घ्यायचे, वर डांबराचा हात फिरवायचा, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. इंग्रजीत खलाशाला 'जॅक टार' म्हणजे डांबऱ्या म्हणत, यात नवल नाही. पायांत जोडे असत, पण कामाच्या वेळी पुष्कळ जण अनवाणीच वावरत. ते उंच, वरून दुमडलेले बूट घोडेस्वाराचे. ओल्या फळ्यांवर त्यांचा उपयोग एकच, घसरून पडण्याचा.

मग हा शेला, ही बाळी, हे बूट आले कोठून? याचे उत्तर समुद्रावर नाही, अमेरिकेतल्या एका चित्रकाराच्या खोलीत आहे. हॉवर्ड पाइल हे त्याचे नाव. जन्म १८५३, मृत्यू १९११. मासिकांसाठी तो चाच्यांच्या कथा लिही आणि त्यांची चित्रे काढी. चाचे मरून दीडशेहून अधिक वर्षे झालेली. त्यांना साध्या खलाशाच्या वेषात रंगवले तर चित्रात चाचा कोण आणि खलाशी कोण हे वाचकाला कळायचे कसे? तेव्हा त्याने स्पेनकडच्या खेडुतांचा कमरपट्टा आणि डोक्याचा रुमाल उचलला व चाच्यांना नेसवला, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. त्याची चित्रे १९२१ साली एका मोठ्या पुस्तकात एकत्र निघाली. पुढे पाचच वर्षांनी, १९२६ साली, डग्लस फेअरबँक्सचा 'द ब्लॅक पायरेट' हा रंगीत मूकपट आला. त्यातील वेषांवर पाइलच्या चित्रांची छाप आहे. नंतर १९३५ चा 'कॅप्टन ब्लड', १९५२ चा 'द क्रिमझन पायरेट', आणि पुढचे कितीतरी. प्रत्येक वेषकाराने आधीचा चित्रपट पाहिला. माझ्या शिवणवर्गातही असेच होते. एकीने ब्लाउजचा गळा कापला की दुसरी त्याच्यावरून कापते, आणि पाचवीला मूळ माप कोणाचे होते याचा पत्ता नसतो.

डोळ्यावरच्या पट्टीची गोष्ट तर आणखी गमतीची. पट्टी बांधणारा एक खरा दर्यावर्दी लुटारू आपल्या जवळच्याच समुद्रात, इराणच्या आखातात होऊन गेला. रहमा बिन जाबिर हा तो अरब सरदार. लढाईत एक डोळा गेलेला. बकिंगहॅम नावाच्या इंग्रज प्रवाशाने त्याला पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि ते १८२९ साली छापले गेले. अंगात एकच सदरा; तो एकदा चढवला की फाटेपर्यंत धुण्यासाठीसुद्धा उतरवायचा नाही. पायांना विजार वगैरे काही नाही. वर बकरीच्या केसांचा काळा झगा आणि डोक्यावर टाकलेला एक तेलकट रुमाल. १८२६ साली शत्रूच्या वेढ्यात सापडल्यावर त्याने आपल्याच जहाजावरच्या दारूसाठ्याला बत्ती दिली आणि स्वतःसकट सर्वांना उडवून दिले. आता असा नायक, सदरा न धुतलेला, कोणता चित्रपटवाला पडद्यावर आणील?

पण मी एकतर्फी बोलू नये. चाचे नटत नसत असे मुळीच नाही. १७२४ साली लंडनला कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने चाच्यांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्सच्या चाच्याचे शेवटच्या दिवसाचे वर्णन आहे. १० फेब्रुवारी १७२२ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ इंग्रजांच्या 'स्वालो' या लढाऊ जहाजाने त्याला गाठले. त्या सकाळी त्याने किरमिजी रंगाच्या वेलबुट्टीदार रेशमाचे जाकीट व चोळणा घातला होता, टोपीत तांबडे पीस, गळ्यात सोन्याची साखळी आणि तिला हिऱ्यांचा क्रूस, खांद्यावरून रेशमी पट्ट्याने टांगलेली पिस्तुले. तोफेच्या माऱ्यात तो पडला, आणि त्याच्या पूर्वीच्या इच्छेप्रमाणे सोबत्यांनी त्याला त्या साऱ्या साजासकट समुद्रात सोडले. पडद्यावरचा भपका अगदीच खोटा नाही तो असा. फरक इतकाच की, हा भपका कप्तानाचा, लढाईच्या दिवसाचा आणि दुसऱ्याच्या पेटाऱ्यातून आलेला असे.

या दुसऱ्याच्या पेटाऱ्याची एक हकीकत मला इतकी आवडली की ती सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही. विल्यम स्नेलग्रेव्ह नावाचा एक इंग्रज कप्तान होता. त्याचा धंदा आफ्रिकेतून गुलाम नेण्याचा, म्हणजे तोही काही साधुसंत नव्हे. १७१९ च्या एप्रिलमध्ये सिएरा लिओनच्या नदीत त्याचे जहाज चाच्यांनी पकडले. तेथे एकदम तीन चाचे कप्तान जमलेले, कॉकलिन, डेव्हिस आणि ला बूझ. लुटीत तीन जरीच्या कशिद्याचे डगले निघाले, तेही वापरलेले. तिघांनाही ते घालून किनाऱ्यावर मिरवायला जायची हौस आली. वाटणीत कॉकलिनला सर्वांत लांब डगला मिळाला, आणि तो होता सर्वांत बुटका! डगला त्याच्या घोट्यापर्यंत लोळू लागला. त्याने बदलून मागितला, तर दोघे हसले आणि म्हणाले, किनाऱ्यावरच्या बायकांना आपल्याकडची चाल कुठे ठाऊक आहे. तुझा डगला तांबडा आहे, चांदीचे काम आहे, तूच त्यांच्या डोळ्यांत भरशील. झाले, स्वारी तशीच निघाली.

पण खरी गंमत पुढे आहे. चाच्यांच्या जहाजावर लूट सामाईक असे. कप्तानालासुद्धा विचारल्यावाचून वस्तू घेण्याची मुभा नव्हती. कोठाराचा मुख्य जो क्वार्टरमास्टर, त्याची परवानगी न घेता डगले घेतल्यावरून खलाशी खवळले. आज डगला घेतला, उद्या मनाला येईल ते घेतील, असे ते म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही डगले कप्तानांकडून काढून सामाईक पेटीत टाकण्यात आले. अशा वस्तूंचा डोलकाठीपाशी लिलाव होई. बिचाऱ्या स्नेलग्रेव्हवर ठपका आला की, डगले घालण्याची मसलत यानेच दिली. एक विल्यम्स नावाचा क्वार्टरमास्टर त्याच्या जिवावर उठला. तेव्हा एका जाणत्याने स्नेलग्रेव्हच्या कानात सांगितले, 'त्याला कप्तान म्हण, त्याला ते फार आवडते.' स्नेलग्रेव्हने तसे म्हटले आणि विल्यम्स असा विरघळला की मद्याचे पिंप भेट देऊन मित्र झाला. आपल्या मंडळाच्या भांडारातली सतरंजी कार्यवाहबाईंना न विचारता नेली की काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चाचे अगदी घरातले वाटतील.

तेव्हा कपडा ही चाच्याच्या दृष्टीने लुटीतली मोलाची वस्तू होती. चित्रपटात पेटी उघडली की मोहरा चमकतात. खऱ्या जहाजात बहुतेक वेळा निघत ते कापडाचे गठ्ठे, साखर, धान्य, औषधांची पेटी, दोरखंड. आणि हे कापड कोणाचे? येथे मात्र आपला संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. कॅप्टन किड याने १६९७ साली कारवारला पाणी आणि लाकूडफाटा भरला. पुढे ३० जानेवारी १६९८ रोजी मलबार किनाऱ्याजवळ 'क्वेदा मर्चंट' नावाचे जहाज धरले. ते बंगालहून सुरतेला चालले होते. आत रेशीम, मलमल, सुती कापड, साखर, अफू, लोखंड, सोरा असा माल. चाचेगिरीबद्दल आणि एका खलाशाच्या खुनाबद्दल किड २३ मे १७०१ रोजी लंडनला फासावर गेला.

त्याच्या आधी १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी याने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' जहाज लुटले. खाफीखान या तत्कालीन इतिहासकाराने लिहिले आहे की, हिंदुस्थानचा माल विकून आलेले ५२ लाख रुपयांचे सोनेनाणे त्यावर होते. त्याने आणखी एक लिहिले आहे, ते चित्रपटांत कधी येत नाही. लुटारूंनी माणसांच्या अंगावरचे कपडे ओरबाडले आणि म्हाताऱ्या-तरुण असे न पाहता बायकांची अब्रू घेतली. कित्येकींनी समुद्रात उड्या टाकल्या, कित्येकींनी खंजीर उरात खुपसून घेतले. एव्हरी शेवटपर्यंत पकडला गेला नाही. इंग्लंडात मात्र त्याच्यावर नाटक झाले आणि लोकांनी ते हौसेने पाहिले. हे वाचल्यावर मी दोन दिवस पुस्तक मिटून ठेवले होते. बाळी घातलेल्या त्या गोजिरवाण्या चाच्यांना आपण टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होते.

असो. कापडाकडे वळते. जॉन रॅकम नावाच्या चाच्याला 'कॅलिको जॅक' म्हणत. जॉन्सनच्या ग्रंथात कारण दिले आहे की त्याची जाकिटे आणि चोळणे कॅलिकोचे असत. कॅलिको हे नाव आपल्याला अहमदाबादच्या गिरणीमुळे परिचयाचे आहे. गिरणी आता राहिली नाही, पण १९४९ साली तेथे स्थापन झालेल्या कापडाच्या संग्रहालयाने ते नाव टिकवले. शब्द मात्र आला तो कालिकतवरून, म्हणजे केरळातल्या कोळिकोडवरून. त्या काळी इंग्रजाच्या तोंडी कॅलिको म्हणजे हिंदुस्थानी सुती कापड. आपले 'चीट' तेच इंग्रजीत 'चिंट्झ' झाले. हे कापड हलके, धुतले तरी रंग न सोडणारे, फुलाफुलांचे. इंग्लंडातल्या बायकांना त्याचे वेड लागले आणि तिकडच्या लोकर व रेशीम विणणाऱ्यांची पोटे आवळली. हिंदुस्थानी छापील कापड आणण्यावर १७०१ पासून बंदी आली, तरी पांढरे कापड आणून तिकडे छापले जाऊ लागले. १७१९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांना गाठून त्यांच्या अंगावरचे कॅलिकोचे झगे फाडले, त्यावर शाई आणि तेजाब फेकले. शेवटी १७२१ साली कायदाच झाला. छापील सुती कपडा अंगावर घातला तर ५ पौंड दंड!

आता तारखा जुळवून पाहा. रॅकमला जमेकात १८ नोव्हेंबर १७२० रोजी फाशी दिले. म्हणजे लंडनच्या रस्त्यात जो कपडा बायकांच्या अंगावरून फाडला जात होता, तोच हा चाचा समुद्रावर उघड उघड मिरवत होता आणि त्याच्यावरून आपले टोपणनाव मिळवत होता. कोणा विणकराने मागावर घातलेले ते सूत कुठवर गेले!

आणि या रॅकमच्याच जहाजावर मला माझ्या चुकीचे उत्तर सापडले. त्याच्याबरोबर दोन बायका पकडल्या गेल्या, अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड. त्यांचा खटला २८ नोव्हेंबर १७२० रोजी जमेकाच्या स्पॅनिश टाउनमध्ये चालला आणि त्याचे टिपण पुढच्याच वर्षी छापून निघाले. म्हणजे ही कोणाच्या कल्पनेतली कथा नव्हे. साक्षीला आली होती डॉरोथी टॉमस नावाची एक बाई. ती सामानसुमान घालून डोंगीतून चालली असता या टोळीने तिला लुटले होते. तिने न्यायासनापुढे सांगितले ते असे: दोघींनी पुरुषी जाकिटे आणि लांब विजारी घातल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधले होते, प्रत्येकीच्या हातात कोयता आणि पिस्तूल होते, आणि ही बाई उद्या आपल्याविरुद्ध साक्ष देईल, हिला मारून टाका, असे त्या शिव्या देत पुरुषांना सांगत होत्या. बायका आहेत हे डॉरोथीने ओळखले ते छातीच्या उभारावरून. दुसरे दोन फ्रेंच साक्षीदार होते. ते म्हणाले की, एखादे जहाज दिसले आणि पाठलाग करायचा झाला की त्या पुरुषी कपडे चढवीत. एरवी बायकांचेच कपडे घालीत. अ‍ॅन बॉनी पुरुषांना बंदुकीची दारू पुरवीत होती आणि कोणी त्यांना जबरदस्तीने ठेवलेले नव्हते.

ही साक्ष मी तीनदा वाचली. चाच्यांच्या पोशाखाविषयी इतका नेमका पुरावा पुरुषांच्या बाबतीतही क्वचित मिळतो, आणि तो दिला एका बाईने, दोन बायकांविषयी, जिवावर बेतलेले असताना! तिची नजर कपड्यावर गेली, विजार लांब की आखूड हेही तिने टिपले. डोक्याचा रुमाल पाइलने कोठूनही उचललेला असो, या दोघींच्या डोक्याला तो खरोखरीच होता. तेवढ्यापुरते मला चित्रपटवाल्यांची क्षमा मागावी लागेल. पण बाकी काय केले त्यांनी? १७२५ साली जॉन्सनच्या ग्रंथाची डच आवृत्ती निघाली, त्यातल्या चित्रांत या दोघींच्या छात्या उघड्या टाकल्या. म्हणजे बिचाऱ्या कामाला अडचण नको म्हणून अंगभर जाकीट घालून बसल्या होत्या, आणि चित्रकाराने ते बटणे तोडून उघडे केले. पुढे पडद्यावरच्या चाचीणबाईंची बटणे कधी नीट लागलीच नाहीत. बटणाचे मोल शिवणाऱ्याला कळते, दाखवणाऱ्याला नाही.

दोघींनाही फाशीची शिक्षा झाली. दोघींनी सांगितले की आम्ही गर्भार आहोत, आणि तपासणीत ते खरे ठरल्याने शिक्षा तहकूब झाली. मेरी रीड १७२१ च्या एप्रिलमध्ये तुरुंगातच गेली. त्यांना मी थोर म्हणत नाही. डॉरोथीला ठार करा म्हणणाऱ्या त्याच. पण मुली चाचे होत नसत, हे मी म्हटले ते साफ चुकीचे होते.

आणखी एक वस्तू सांगायची राहिली. ती एका पायमोज्याची आणि जोड्याची आहे. अमेरिकेच्या केप कॉड किनाऱ्यापाशी २६ एप्रिल १७१७ च्या रात्री वादळात सॅम बेलामी याचे 'व्हिडा' जहाज बुडाले. त्याचे अवशेष १९८४ साली सापडले, आणि पुढच्या वर्षी जहाजाच्या नावाची घंटाही वर आली. नाणी, तोफा, बटणे पुष्कळ निघाली. त्यांत एक लहानसा जोडा निघाला, एक रेशमी मोजा आणि पायाचे एक छोटे हाड. तपासणाऱ्यांनी ते साधारण आठ ते अकरा वर्षांच्या मुलाचे ठरवले. असा एक मुलगा या जहाजावर होता, याची जुनी जबानी उपलब्ध आहे. जॉन किंग त्याचे नाव. १७१६ च्या नोव्हेंबरात तो आपल्या आईबरोबर एका गलबतातून प्रवास करीत होता. बेलामीने गलबत लुटले आणि हा पोर हट्टाला पेटला की मी यांच्याबरोबरच जाणार. जाऊ दिले नाही तर जीव देईन, असे म्हणाला. आईच्या अंगावरही धावून गेला. शेवटी गेला. जाताना त्याच्या पायांत आईने घातलेला तो रेशमी मोजा असेल, नाहीतर लुटीतला असेल. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा मोजा केवढा असतो, हे तुम्हा आम्हाला सांगायला नको.

आता या वर्षीच्या स्पर्धेविषयी. वहिनींच्या नातीला मी बोलावले आणि माझी चूक झाली असे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि लगेच मापे द्यायला हात वर करून उभी राहिली. करड्या कापडाचे आखूड जाकीट बेतून झाले आहे, आत तांबडे अस्तर. पितळी बटणे पंधरा हवी होती, बोहरी आळीत हिंडून अकराच मिळाली. विजार लांब, गादीच्या खोळीच्या उरलेल्या पट्टेरी तुकड्याची. डोक्याच्या रुमालाला माझ्या आईच्या जुन्या रजईचे चीट काढले आहे. मळलेले आहे, पण फुले अजून तशीच आहेत.

"आणि डोळ्यावरची पट्टी?" तिने विचारले.

"नाही."

"बूट?"

"अनवाणी."

ती आनंदाने उडीच मारायची बाकी राहिली. वहिनी मात्र दारातून म्हणाल्या, "अहो, डिसेंबरात अनवाणी? पोरीला सर्दी होईल हो!" त्यावर आमची अजून चर्चा चालू आहे.